परसातली खोली

प्रश्न : परसात आईसाठी एक खोली आणि न्हाणीघर बांधायचंय. वर पत्रे टाकू का? स्वस्त पडतील.
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, पत्रा नकोच. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. पत्र्याखाली आईंना दुपार काढवणार नाही. स्लॅब घाला, वरून पांढरा चुना द्या. पश्चिमेला खिडकी नको. पण खरा पैसा खोलीच्या पायाच्या कामात घाला. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भिंती तडकतात. मुरूम लागेपर्यंत खणा. पाया झाल्यावर तीच माती पुन्हा भरू नका, मुरूम टाकून धुम्मस करा, म्हणजे ठोकून घट्ट बसवा. सामासिक अंतर, म्हणजे हद्दीपासून मोकळी सोडायची जागा, आणि महापालिकेची परवानगी परवानाधारक अभियंत्याकडून आधीच बघून घ्या. आणि न्हाणीला उंबरा ठेवू नका, रात्री ठेच लागते.