खर्चाच्या रकान्यातला मुलगा

पत्र : इचलकरंजीत आमचे यंत्रमाग आहेत. मुलगा अकरावी सायन्सला आहे. बटरफ्लाय पोहतो, राज्य पातळीवर पदकं आहेत. दोन वर्षं पुण्यात आत्याकडे राहून सराव करतो. आजवर 14 लाख 30 हजार खर्च झाले, वहीच्या पानाचा फोटो जोडतो आहे. अमेरिकेतल्या कॉलेजची खेळाडू म्हणून फुल स्कॉलरशिप मिळाली तर पैसे वसूल होतील. टेनिस खेळणाऱ्या ऋतुजा भोसलेला मिळाली, मग याला का नाही? एक एजंट सहा लाख मागतोय, निम्मे आत्ता आणि निम्मे स्कॉलरशिपचं पत्र हातात आल्यावर. पण भाचा म्हणतो, करोनात तिकडच्या कॉलेजांनी पोहण्याचे संघच बंद केले. हे खरं आहे का? विषय कोणताही चालेल, कॉलेज तेवढं पक्कं पाहिजे.
– एक वडील

नमस्कार.

भाचा खरं बोलतोय. त्याच्याकडे येतेच, पण आधी तुमच्या वहीचं ते पान. टेक सूट, म्हणजे शर्यतीचा खास पोशाख, 24,000. फिजिओ. प्रोटीन. बालेवाडीला स्पर्धेसाठी राहणं-जेवण. खाली लाल शाईत दोन रेघा आणि बेरीज. तुमचं मूळ पत्र चार पानांचं आहे, त्यात पैशाचा उल्लेख जागोजागी आहे. मुलाला काय वाटतं, याचं एक वाक्य मी दोनदा शोधलं. सापडलं नाही.

2020 मध्ये माग थांबले, चोवीसपैकी आठ भंगाराच्या भावाने गेले, तरी पोराच्या क्लबची फी एक महिनाही चुकवली नाही, असं तुम्ही लिहिलंय. तलाव बंद होते तेव्हा तो गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या पाइपला रबर बांधून हात मारायचा, हेही लिहिलंय. हे वाचून मी थोडा वेळ थांबले. असा बाप प्रत्येकाला मिळत नाही. म्हणूनच त्यापुढचा ‘वसूल’ हा शब्द मला जास्त टोचला. मागाचा हिशेब तसा होतो. सोळा वर्षांच्या मुलाचा केला, की प्रत्येक शर्यतीत तो चौदा लाखांचं ओझं पाठीवर घेऊन उडी मारणार.

आता भाच्याचा मुद्दा. अमेरिकेतल्या मोठ्या विद्यापीठांत क्रीडा विभाग म्हणजे जवळजवळ वेगळं दुकानच असतं. गल्ल्यात पैसा येतो तो मुख्यतः अमेरिकन फुटबॉल आणि मुलांच्या बास्केटबॉलमधून : तिकिटं, टीव्हीचे हक्क, देणगीदार. पोहणं, टेनिस, जिम्नॅस्टिक्स, कुस्ती हे बहुतेक ठिकाणी त्या पैशावर पोसले जातात. 12 मार्च 2020 रोजी तिथल्या कॉलेज खेळांची मध्यवर्ती संस्था एनसीएएने बास्केटबॉलची वार्षिक स्पर्धा रद्द केली. तिच्या टीव्ही हक्कांवर सगळ्यांचं चालायचं. त्या वर्षी कॉलेजांना सुमारे 60 कोटी डॉलर वाटायचे ठरले होते, वाटले गेले 22.5 कोटी.

मग ऑगस्टमध्ये बिग टेन या विद्यापीठांच्या गटाने फुटबॉलचा हंगाम पुढे ढकलला. त्याच गटातल्या आयोवा विद्यापीठाने दहा दिवसांत चार संघ बंद करत असल्याचं जाहीर केलं : मुलांचं टेनिस, मुलांचं जिम्नॅस्टिक्स, आणि पोहणं, मुलांचं आणि मुलींचंही. उत्पन्नात सुमारे 10 कोटी डॉलरची घट आणि 6 ते 7.5 कोटींची तूट येईल, असा त्यांचा अंदाज होता. तुमचा मुलगा जो बटरफ्लाय मारतो ना, तो घडवण्यात याच आयोवाचा मोठा हात आहे. 1930 च्या दशकात तिथले प्रशिक्षक डेव्हिड आर्मब्रस्टर आणि त्यांचा पोहणारा जॅक सीग यांनी हात पाण्यावरून पुढे टाकायची पद्धत आणि डॉल्फिन किक (दोन्ही पाय जोडून मारायची लाथ) जुळवली. एवढा वारसा असूनही मुलांचा संघ वाचला नाही. ऑक्टोबरअखेर फुटबॉल सुरू झाला, तरीही नाही. मुलींचा वाचला, कारण पोहणाऱ्या मुली कोर्टात गेल्या आणि मुलामुलींना समान संधी देणारा 1972 चा ‘टायटल नाइन’ कायदा त्यांच्या कामी आला.

तुम्ही कारखानदार आहात, तुम्हाला हे माझ्यापेक्षा लवकर कळेल. मंदीत तुम्ही कुठले आठ माग काढले? ज्यांवर मजुरीचं काम मिळत होतं ते नक्कीच नाहीत.

‘पक्कं कॉलेज’ म्हणजे श्रीमंत, नावाजलेलं कॉलेज, हा तुमचा समज मात्र आधी मोडायला हवा, कारण एजंटही तोच विकतोय. स्टॅनफर्डची गंगाजळी अडीच हजार कोटी डॉलरच्या वर आहे. जुलै 2020 मध्ये त्याच स्टॅनफर्डने आपल्या 36 पैकी 11 खेळ बंद करायचं जाहीर केलं, त्यात ऑलिंपिक दर्जाची कुस्ती होती, नौकानयन होतं. तीन वर्षांत क्रीडा विभागाला एकूण सात कोटी डॉलरच्या आसपास खड्डा पडेल, असं कारण दिलं. गंगाजळीतून का भरला नाही? कारण तिच्यातला मोठा भाग देणगीदारांनी ठरावीक कामांसाठीच दिलेला असतो, आणि खड्डा करोनाच्या आधीपासून होताच. महामारीने तो रुंद केला, आणि कोणी काही म्हणणार नाही अशी वेळही दिली. माजी खेळाडूंनी वर्षभर रान उठवलं, तेव्हा मे 2021 मध्ये निर्णय मागे घेतला. डार्टमथ या दुसऱ्या नामांकित कॉलेजनेही काढलेले पाच खेळ परत आणले. आयोवात मुलांना तो योग आला नाही. श्रीमंती आणि पक्केपणा यांचा संबंध तुम्हाला वाटतो तितका सरळ नाही.

म्हणून तुमच्या पत्रातल्या ज्या वाक्याखाली मी रेघ मारली ते हे : ‘विषय कोणताही चालेल.’ नाही चालणार. आयोवाने संघ काढले तेव्हा चालू शिष्यवृत्त्या पदवीपर्यंत पाळू, असं सांगितलं. म्हणजे मुलगा तिथे शिकू शकत होता, पोहू शकत नव्हता. पोहायचंच असेल तर दुसरं कॉलेज, नवा प्रशिक्षक, आधी शिकलेले विषय तिथे धरले जातील की नाही याची धाकधूक. अशा वेळी ज्याला आपला अभ्यासक्रम आवडतो, तो टिकतो. ज्याला फक्त तलावासाठी तिथे पाठवलंय, त्याच्याकडे आयोवाच्या जानेवारीत बर्फाशिवाय काहीच उरत नाही. कॉलेज निवडताना एकच कसोटी लावा : उद्या खांदा गेला किंवा संघ गेला, तरी हा इथे चार वर्षं राहील का?

ऋतुजाबद्दल. ती टेक्सस ए अँड एमकडून खेळली, पुढे हांगझोऊ एशियाडमध्ये बोपण्णाबरोबर सुवर्ण जिंकली, याचा मलाही अभिमान आहे. पण त्या काळच्या नियमात एनसीएएच्या पहिल्या श्रेणीतल्या (डिव्हिजन वन) कॉलेजच्या मुलींच्या टेनिस संघाला आठ पूर्ण शिष्यवृत्त्या असत. मुलांच्या पोहण्याच्या अख्ख्या संघाला मिळून 9.9, आणि त्या पंचवीस-तीस जणांत तुकडे करून वाटल्या जात. ‘फुल’ हा शब्द तिथे फार थोड्यांच्या वाट्याला यायचा. 2025 पासून नियम बदलले, मोठ्या कॉलेजांना खेळाडूंना थेट पैसे देता येतात, वर्षाला सुमारे दोन कोटी डॉलरपर्यंत. ते पैसे कुठल्या खेळाकडे वळणार, हे आता तुम्हीच मला सांगाल.

एजंटला एक रुपयाही देऊ नका. सहा लाख फुकट जातील म्हणून नव्हे. शिष्यवृत्ती मिळाली तरच उरलेले पैसे, असा व्यवहार एनसीएएच्या नियमात बसत नाही. तो उघड झाला तर मुलाच्या पात्रतेवरच गदा येऊ शकते. एजंटचा धंदा चालतो, आणि शिक्षा भोगतो पोहणारा. जे काम तो करणार, ते मुलगा स्वतः करू शकतो : प्रशिक्षकांना साधी ईमेल, आपल्या वेळा, शर्यतीचा व्हिडिओ, अकरावीचे गुण. एक लक्षात ठेवा, तिकडे कॉलेजच्या शर्यती 25 यार्डांच्या तलावात होतात. 50 मीटरच्या तलावातली वेळ आहे तशी पाठवली तरी चालते, पण कुठल्या तलावातली ते लिहावं.

बारावी नीट करू द्या, डमी कॉलेज नको. राज्यात खेळाडूंसाठी सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे, ग्रेस गुण आहेत, ते तुम्हाला ठाऊकच असेल. अमेरिकेत आयव्ही लीग (हार्वर्ड, येलसारखी आठ जुनी विद्यापीठं) आणि एनसीएएच्या तिसऱ्या श्रेणीतली (डिव्हिजन थ्री) कॉलेजं खेळावर शिष्यवृत्ती देतच नाहीत. काही जण आर्थिक परिस्थिती किंवा गुण पाहून मदत करतात, तिथेही अर्ज करता येईल.

आणि आता ते पान पुन्हा. लाल बेरजेच्या बाजूला, समासात, पेन्सिलीने कोणीतरी बारीक अक्षरात 57.84 लिहून त्याभोवती गोल केलाय. अक्षर तुमचं नाही. 100 मीटरची वेळ असावी. स्पष्टच सांगते, मोठ्या संघांत या वेळेवर फुल स्कॉलरशिप कोणी देत नाही. पण तुमच्या हिशेबाच्या वहीत, तुमच्या नकळत, त्याने स्वतःचा एक आकडा लिहिलाय. तो कधीचा, कुठल्या शर्यतीतला, हे त्याला विचारा. मग पुढचं पत्र त्यालाच लिहू द्या. चार ओळी असल्या तरी चालतील. खर्चाचं पान जोडू नका.