जुनी कागदपत्रं घरच्या स्कॅनरवर स्वच्छ कशी स्कॅन करायची? मागची अक्षरं दिसतात आणि ब्लॅक अँड व्हाईट केलं की अर्धा मजकूर उडतो

आधी ते ब्लॅक अँड व्हाईट सेटिंग बंद करा, निम्मा त्रास तिथेच संपेल. मी गोव्यातल्या फोंड्याचा, आमच्याकडे पण जमिनीचे आणि देवस्थानच्या महाजनकीचे जुने कागद आहेत, काही पोर्तुगीज काळातले, काही मराठीत हाताने लिहिलेले, ते घरीच स्कॅन करतो म्हणून सांगतो.

त्या सेटिंगमध्ये स्कॅनर प्रत्येक ठिपक्याला एकतर काळा ठरवतो नाहीतर पांढरा, मधलं काहीच ठेवत नाही, आणि पिवळा पडलेला कागद नि फिकी शाई यांच्यात फरकच थोडा असतो त्यामुळे बारीक रेघा, वेलांट्या, रफार सगळं जातं आणि एकदा गेलं की त्या फाईलमधून परत काढता येत नाही. साधा टाईप केलेला कागद असेल तर ग्रेस्केल, शिक्के, डाग किंवा निळी शाई असेल तर सरळ कलर. ३०० डीपीआय (म्हणजे एका इंचात किती ठिपके) छापील मजकुराला पुरतं पण बारीक अक्षर असेल तर ६०० ठेवा, कारण अर्ध्या मिलिमीटरचा अनुस्वार ३०० वर जेमतेम ६ ठिपके रुंद येतो, ६०० वर १२. फाईल टिफ किंवा पीएनजीमध्ये ठेवा, जेपेग फार दाबलं की अक्षरांच्या कडेने मळकट ठिपके येतात.

मागची अक्षरं दिसतात त्याचं कारण झाकणाच्या आतली पांढरी बाजू. उजेड पातळ कागदातून आरपार जातो, तिथे आपटून परत येतो आणि येताना मागची शाई दाखवतो. कागदाच्या पाठीवर काळा कार्डपेपर ठेवून झाकण लावा, फरक लगेच दिसेल. पान जरा काळपट येईल ते येऊ दे, नंतर गिम्प ह्या फोटो सुधारायच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये लेव्हल्स उघडून पांढऱ्या टोकाचा स्लायडर डावीकडे आणला की कागद उजळतो. शाईच कागद खाऊन मागून पुढे आलेली असेल तर मात्र ह्याचा उपयोग नाही.

आणि कलरमध्ये स्कॅन करा म्हणतो त्याचा खरा फायदा इथे आहे: गिम्पमध्ये रंगाचे चॅनल, म्हणजे चित्रातले लाल, हिरवा, निळा हे भाग, वेगळे करता येतात, त्यातला फक्त लाल चॅनल बघा, पिवळे-तांबूस डाग जवळजवळ नाहीसे होतात आणि निळी शाई उलट गडद होते. लाल शिक्का अक्षरांवर बसलेला असेल तर तोही तिथे फिका पडतो आणि खालचं वाचता येतं. मूळ कलर फाईल मात्र तशीच ठेवा, शिक्का पण पुरावाच असतो.

पान सरळ करणं, कडा कापणं ह्याला स्कॅन टेलर नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, छान आहे. फक्त त्यातलं डेस्पेकल बंद ठेवा किंवा सगळ्यात कमी, ते बारीक ठिपके धूळ समजून पुसतं आणि आपले अनुस्वार त्यातच जातात!

पीडीएफ करताना पण सांभाळा. जेबिग२ नावाचं एक कॉम्प्रेशन आहे, त्याच्या एका प्रकारात सारखे दिसणारे आकार एकच समजून एकाच्या जागी दुसरा बसवतात. २०१३ मध्ये डेव्हिड क्रीझल ह्या जर्मन माणसाने दाखवून दिलं की झेरॉक्स कंपनीच्या काही मशिनींच्या स्कॅनमध्ये ह्यामुळे ६ चा ८ होतोय, आणि अक्षर एकदम स्वच्छ दिसत असल्यामुळे कोणाला शंकाही येत नाही. सर्व्हे नंबर, एक-चौदाचा उतारा (आमच्या गोव्यातला जमिनीचा उतारा) असल्या कागदांवर असं झालं तर काय गोंधळ होईल बघा, म्हणून आकडे मूळ कागदाशी ताडून बघाच.

आता आपल्याकडचा पाऊस. जून ते सप्टेंबर कागद ओलसर होऊन वाकतो, आणि हल्लीचे बहुतेक पातळ स्कॅनर सीआयएस प्रकारचे असतात ज्यांना काचेला चिकटलेलंच नीट दिसतं, घडीपाशी कागद थोडा जरी उचलला की ती ओळ धूसर. कागद आदल्या रात्री दोन कोऱ्या कागदांमध्ये घालून वर पुस्तकं ठेवा, उन्हात नको, इस्त्री तर नकोच. बुरशी असेल तर घराबाहेर, मास्क लावून, कोरड्या मऊ ब्रशने झाडा. काच पुसताना लिक्विड फडक्यावर मारा, काचेवर मारलं तर कडेने आत जातं. जुना कागद वरच्या फीडरमध्ये कधीच घालू नका, फाटेल. घाई नसेल तर हे सगळं जानेवारी-फेब्रुवारीत करा, हवा कोरडी असते.

मजकूर शोधता यावा असं हवं असेल तर टेसरॅक्ट हे फुकट ओसीआर, म्हणजे स्कॅनमधली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर, मराठी छापील अक्षर वाचतं, आजोबांच्या हस्ताक्षरातली पत्रं मात्र बसून टाईपच करावी लागतील.