पोरेसना खेय?

प्रश्न : अमळनेरला संध्याकाळी मोठ्या माणसांसाठी इंग्रजी बोलण्याचा वर्ग घेते. दुकानदार, शेतकरी, बचत गटातल्या बायका येतात. परवा हाउझी (पुकारलेला आकडा तिकिटावर खोडायचा खेळ) काढली, तर एक काका अहिराणीत म्हणाले, ‘ताई, हाऊ पोरेसना खेय शे (हा पोरांचा खेळ आहे). ग्रामर शिकवा.’ खेळ बंद करू का?
– एक वाचक, अमळनेर

उत्तर : बंद करू नका, ताई. पण दिवसभर राबून आलेल्या माणसाला हे कशासाठी चाललंय ते आधी कळायला हवं. सांगा, की आज ‘थर्टीन’ आणि ‘थर्टी’ यांतला घोळ मिटवायचाय. बिलात तो महागात पडतो. तिकिटं घरीच बनवा. त्यांवर १३, ३०, १४, ४०, १५, ५० असेच आकडे ठेवा आणि पुकारायचं काम त्यांच्याकडे द्या. ‘थर्टीन’चा जोर शेवटी, ‘थर्टी’चा सुरुवातीला. पुकारणाऱ्याची गफलत झाली की भलताच आकडा खोडला जातो आणि भांडण जुंपतं. जुंपू द्या, फक्त इंग्रजीत : ‘अगेन प्लीज’, ‘वन थ्री ऑर थ्री झीरो?’

काकांसाठी मात्र मी सौदा काढीन. दोन चिठ्ठ्या करा. विकणाऱ्याच्या चिठ्ठीवर कापसाचा क्विंटलमागे कमीत कमी भाव, घेणाऱ्याच्या चिठ्ठीवर जास्तीत जास्त. एकमेकांना दाखवायच्या नाहीत. लपवलेलं काही असलं तरच माणूस खरं विचारतो, नाहीतर ते पाठांतर होतं. बैलबाजारात उपरण्याखाली बोटं दाबून भाव ठरतो; इथं हात मागे, तोंड चालू. ‘टू लो’, ‘लास्ट प्राइस?’, ‘कॅन यू गो अप अ लिटल?’ एवढ्यावर गाडी सुरू होते. विकणाऱ्याचा आकडा घेणाऱ्यापेक्षा थोडा खाली ठेवा, म्हणजे सौदा जुळायला जागा राहते. काका अडले की फळ्यावर लिहा : ‘इफ यू टेक ऑल, आय विल गिव्ह अ बेटर प्राइस.’ घ्या, आलं ग्रामर! अडल्यावर मिळालेलं वाक्य डोक्यात राहतं.

‘चुकला की बाद’ असले खेळ घेऊ नका. ज्याला सराव सगळ्यांत जास्त हवा तोच आधी बाहेर बसतो. सासू-सून एकाच वर्गात असतील तर त्यांची जोडी लावू नका (गंमत नाही, दोघीही गप्प बसतात). आणि खेळ चालू असताना चुका काढायच्या नाहीत. कागदावर टिपून ठेवा, शेवटी कुणाचं नाव न घेता फळ्यावर मांडा आणि त्यांनाच दुरुस्त करू द्या.