तळीरामाचं हसं होऊ देऊ नको

चि. बाबूस अनेक आशीर्वाद,

यंदा गावच्या मंडईला, म्हणजे आपल्या जत्रेला, ‘एकच प्याला’ नाटक होणार आणि तळीराम तुझ्या वाट्याला आला, हे ऐकून फार बरं वाटलं. नाटककार राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ ला आपल्या सावनेरला वारले आणि त्यांचं हे नाटक त्यानंतर रंगभूमीवर आलं. आपल्या भागात ते नीटच व्हायला पाहिजे.

तळीराम म्हणजे हसवणारं पात्र, असं समजून तालमीला उभा राहू नको गा. तो हसवत नाही, पटवतो. दारूच्या बाजूनं तो जे बोलतो ते त्याला मनापासून खरं वाटतं. लोक त्या तर्काला हसतात आणि हसता हसता त्यांना ते थोडं पटूनही जातं. वकिलीची सनद बंद झालेल्या नायकाला, सुधाकराला, पिण्याच्या वाटेवर तोच नेतो. तोवर लोकांना तळीराम आवडला असेल, तरच एवढा बुद्धिमान, मानी वकील कसा गुंतला ते कळेल. तू डोळे मिचकावून हशा घेतलास, तर तळीराम सोंग्या होईल आणि त्याच्या नादी लागणारा सुधाकर मूर्ख दिसेल.

झोकांड्या तर नकोच. पिणारा माणूस सरळ चालायची धडपड करतो, ती धडपड दाखव. सुरुवातीला फक्त बोलणं किंचित संथ. पुढे वस्तू एका झटक्यात हाती लागू नये. पक्क्या दारुड्याचा हात प्यायच्या आधी कापतो आणि पोटात गेल्यावर स्थिरावतो. बहुतेक नट नेमकं उलटं करतात.

आर्यमदिरामंडळाची, म्हणजे नाटकातल्या पिणाऱ्यांच्या मंडळाची, बैठक ग्रामसभेत ठराव मांडावा तशा गांभीर्यानं करा. सगळेच डुलले तर नुसता गोंधळ दिसतो. एकजण नियमावर अडलेला, एक हळवा, एक पेंगणारा, असे स्वभाव आधीच वाटून घ्या. आपल्याकडच्या लोकांना पदरच्या कोट्या लागतात, हे खरं. त्या इथं घाल, दोन-तीन वाक्यं, तीही सुधाकर रंगमंचावर नसताना. पहिल्या प्याल्याच्या प्रवेशात एकही नको.

हशा चढत असताना बोललास तर पुढचं वाक्य वाया जातं. पूर्ण विरेपर्यंत थांबलास तर प्रसंग थंड पडतो. अर्ध्यावर उतरला की बोल, आणि तोवर हातातलं काम चालू ठेव. शामियान्यात मागच्या लोकांचा हशा जरा उशिरा येतो, तोही धर. वाक्याच्या शेवटी माइकपासून वळू नको, कारण गंमत बहुतेकदा शेवटच्याच शब्दात असते.

तळीरामाची बायको गीता करणाऱ्या पोरीलाही सांग, टोमणे प्रेक्षकांकडे पाहून मारायचे नाहीत. भांडी आवरता आवरता, नवऱ्याकडे पाठ करून बोल म्हणावं. तिच्या फटकळपणाला लोक हसले असले, म्हणजे सुधाकराच्या बायकोचं, सिंधूचं, गप्प राहणं त्यांना जास्त झोंबतं.

तळीरामाच्या आजारपणात डॉक्टर आणि वैद्य भांडतात, तिथला हशा त्यांचा आहे. तू अंथरुणातून चेहरे केलेस तर मरण खोटं वाटेल. पडून राहा, नजर बाटलीवर ठेव. हशा आपोआप तुटतो, आणि तो तुटल्यावर घाईनं पुढचं वाक्य घेऊ नको.

पहिल्या प्याल्याचा प्रवेश आधी सुधाकर करणाऱ्यासोबत एकांतात बसव, बघ्यांशिवाय. कोणी हसत नसतानाही त्याचा हात प्याल्याकडे जावासा वाटला, तर तो प्रवेश बसला समज.

तुझा,
काका