मशिन रिकामं दिसलं तर दिसू द्या (प्रश्नोत्तरे)

लघुउद्योजकांच्या पत्रांत याही वेळी तोच गोंधळ आहे. मशिनं दिवसभर चालतात, माणसं राबतात, तरी डिस्पॅच उशिराच. निवडक प्रश्नांना उत्तरं देतो.

प्रश्न: कार्यक्षमता मोजायची की परिणामकारकता?

दोन्ही. कबूल केलेला माल कबूल तारखेला गेला का, ही परिणामकारकता आधी बघा. किती खर्चात गेला, ही कार्यक्षमता नंतर.

प्रश्न: भोसरीत आमचं मशिन शॉप आहे. सीएनसीवर (संगणकाने चालणाऱ्या मशिनवर) तासाला ४० नग निघतात, पुढे ग्राइंडिंगवर (घासून अचूक मापाला आणण्याच्या कामात) २२. सीएनसी एक मिनिटही थांबू देत नाही, तरी ऑर्डरी लटकतात. दुसरं सीएनसी घ्यावं का?

मुळीच नका घेऊ. सीएनसीने कितीही काढले तरी तुमच्या शेडमधून तासाला २२ च नग बाहेर पडणार. उरलेले १८ ग्राइंडिंगसमोर साचतात. आठ तासांच्या शिफ्टला १४४. ट्रे वाटेत येतात, तळाचा माल गंजतो. सीएनसीवर ऑफसेट (टूलच्या मापाची नोंद) चुकला, तर ग्राइंडिंगवाल्याच्या लक्षात येईपर्यंत अख्खा ढीग बाद झालेला असतो. त्या ढिगातलं मटेरियल कॅश क्रेडिटवर (बँकेच्या खेळत्या कर्जावर) घेतलेलं असेल तर व्याजही चालूच. आणि रिपोर्टात सीएनसीचा वापर शंभर टक्के! मला या आकड्याची फार धास्ती वाटते, कारण त्यावर सुपरवायझरला शाबासकी मिळते आणि तो कुणी न मागितलेला माल आणखी काढतो. कारखान्याचा वेग सगळ्यात अडलेल्या जागेवर ठरतो, हे व्यवस्थापनतज्ज्ञ एलियाहू गोल्डरॅट १९८० च्या दशकापासून सांगत आले, तरी आपल्याकडे अजून प्रत्येक मशिनचा हिशेब वेगवेगळा मांडतात.

आता करायचं ते ऐका. ग्राइंडिंग जेवणाच्या सुट्टीत बंद असतं ना? बदली माणूस द्या. तिथला अर्धा तास म्हणजे ११ नग, आणि ते अख्ख्या कारखान्याचे ११ नग. गेजिंग (मापं तपासणं) ग्राइंडिंगच्या आधी करा, म्हणजे बाद नगावर तिथला वेळ जाणार नाही. ग्राइंडिंगपुढे अर्ध्या शिफ्टचा माल राहू द्या, त्यापुढे सीएनसीला २२ च्या हिशेबानेच काम द्या. ते अधूनमधून थांबेल, थांबू द्या. एवढं करून महिनाभराच्या नोंदी ठेवा आणि मशिनच्या कर्जाआधी त्या कॉस्ट अकाउंटंटला दाखवा.

प्रश्न: ओव्हरटाइम लावू का?

काम अडलंय तिथेच. दर दुप्पट पडतो.

प्रश्न: सेटिंगला (मशिन पुढच्या जॉबसाठी लावायला) दोन तास जातात, म्हणून एकाच जॉबचा मोठाच लॉट परवडतो. बरोबर ना?

नाही. आधी सेटिंग कमी करा. जपानी अभियंते शिगेओ शिंगो यांनी टोयोटात प्रेसची सेटिंग तासांवरून मिनिटांवर आणली. पुढच्या जॉबचे जॉ, टूल, गेज, ड्रॉइंग सगळं आधीचा जॉब चालू असतानाच ट्रॉलीत तयार हवं. मशिन बंद करून ऑपरेटर ॲलन की शोधत फिरतो, हे शेडमागून शेड दिसतं. वर सांगितलं तसं केलंत, तर सीएनसीला मोकळा वेळ मिळणारच आहे, तो सेटिंगला वापरा.

प्रश्न: सॉफ्टवेअरवाला म्हणतो, तीन महिन्यांत कार्यक्षमता ३० टक्के वाढेल. मित्राची वाढली म्हणे.

‘म्हणे’वर पैसे घालू नका. ३० टक्के कशाचे, हे लेखी मागा. वेळेवर गेलेल्या ऑर्डरी वाढणार असतील तरच पुढे बोला. स्टोअरचा साठा वहीत जुळत नसेल, तर स्क्रीनवरही जुळणार नाही. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांतली नासाडी कमी करण्यासाठी असलेल्या केंद्राच्या एमएसएमई लीन योजनेत सल्लागाराच्या खर्चाचा ९० टक्के भार सरकार उचलतं. मात्र ‘फाइल मी करून देतो’ म्हणत आगाऊ रक्कम मागणाऱ्यांपासून सांभाळा. जिल्हा उद्योग केंद्रात स्वतः चौकशी करा.

प्रश्न: मोठा ग्राहक ९० दिवसांनी पैसे देतो. पर्चेस ऑर्डरवरच तसं छापलंय.

छापलं म्हणून चालत नाही. उद्यम नोंदणी असलेले सूक्ष्म किंवा लघु उत्पादक असाल, तर २००६ च्या एमएसएमई विकास कायद्याने पैसे देण्याची कमाल मुदत ४५ दिवस. पुढे बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. करनिर्धारण वर्ष २०२४-२५ पासून तर मुदत उलटलेली रक्कम ग्राहक प्रत्यक्ष देईल त्या वर्षीच त्याला ती करासाठी खर्चात धरता येते, त्यामुळे त्याचा अकाउंट्स विभागही आता ऐकतो. उद्यम क्रमांक बिलावर छापा, तगादा लेखी लावा. वर्ष-दोन वर्षं गप्प बसून मग धावाधाव करणारे फार भेटतात. थकलेल्या बिलांसाठीच्या राज्याच्या सुविधा परिषदेकडे तक्रार करण्याआधी कागद सीएला दाखवा.

प्रश्न: तीन हेल्पर कमी करून खर्च वाचवू का?

त्यातला एक, वर सांगितलं तसं, काम अडतं त्या जागी (जसं ग्राइंडिंगवर) बदली म्हणून लागणार आहे. बाकीच्यांबद्दल कामगार कायद्याच्या सल्लागाराला विचारल्याशिवाय साधी नोटीसही काढू नका.