कॅन्सर, पक्षाघात आणि बीपी : वाचकांचे प्रश्न

या महिन्यात रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या वाचकांची जी पत्रं आली, त्यांत कॅन्सर आणि पक्षाघात पुन्हा पुन्हा शेजारी शेजारी दिसले. तंबाखू, दारू, जास्त मीठ, वाढलेला पोटाचा घेर ही दोन्हींची समाईक कारणं आहेत. शिवाय काही रुग्णांत एक आजार दुसऱ्याला थेट ओढून आणतो. म्हणून या वेळी ही पत्रं एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : माझ्या यजमानांना (वय ६३) फुप्फुसाचा कॅन्सर निघाला. दुसरी केमो झाल्यावर आठवड्याभरात एका सकाळी उजव्या अंगावरून वारं गेलं. बीपी-शुगर कधीच नव्हती. डॉक्टर म्हणाले, कॅन्सरमुळेच गुठळी झाली. असं होतं का? की केमो सोसली नाही?
– वाचक, गुहागर

उत्तर : होतं. कॅन्सरच्या पेशी रक्त गोठवणारे पदार्थ रक्तात सोडतात, त्यामुळे गुठळ्या सहज धरतात. फ्रेंच डॉक्टर आर्मां त्रूसो यांनी १८६५ मध्येच हा संबंध मांडला होता. फुप्फुस, स्वादुपिंड, जठर आणि मोठं आतडं यांच्या कॅन्सरमध्ये हा धोका विशेष असतो, आणि निदानानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत तो सर्वांत जास्त असतो. अमेरिकेतल्या ज्येष्ठ रुग्णांच्या एका मोठ्या अभ्यासात या सहा महिन्यांत गुठळीचा पक्षाघात कॅन्सरच्या रुग्णांपैकी ३ टक्के जणांना झाला. त्याच वयाच्या, कॅन्सर नसलेल्यांत हे प्रमाण १.६ टक्के होतं. म्हणजे बहुतेकांना होत नाही, पण धोका जवळपास दुप्पट असतो.

केमोचाही वाटा असू शकतो. सिसप्लॅटिन, बेव्हॅसिझुमॅब यांसारख्या औषधांनी गुठळीचा धोका वाढतो. उलट्या-जुलाबांनी अंगातलं पाणी कमी झालं की त्यात भर पडते. पण म्हणून केमो स्वतःहून थांबवू नका. तो निर्णय कॅन्सरच्या आणि मेंदूच्या डॉक्टरांनी मिळून घ्यायचा असतो. खेड्यातून मुंबईला जाणाऱ्यांचं नेमकं इथेच बिघडतं : कॅन्सरची फाइल एका रुग्णालयात, पक्षाघाताची दुसऱ्यात, आणि दोघांपैकी एकालाही पूर्ण चित्र माहीत नाही. दोन्ही फाइली एकाच पिशवीत ठेवा. केमोच्या औषधांची नावं, शेवटच्या डोसची तारीख आणि प्लेटलेटचा (रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशींचा) ताजा आकडा एका कागदावर लिहून वर लावा.

डॉक्टरांना हे विचारा : एमआरआयमध्ये मेंदूच्या एकाच भागात इजा आहे की अनेक भागांत? (अनेक भागांत विखुरलेली असेल तर कॅन्सरच्या गुठळ्यांचा संशय बळावतो.) डी-डायमर (गुठळ्यांचा सुगावा देणारी रक्ततपासणी) किती आहे? हृदयाच्या झडपांवर गुठळी आहे का, हे इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) पाहिलं का? पुढे अ‍ॅस्पिरिन द्यायची की रक्त पातळ करणारं इंजेक्शन किंवा गोळी? केमोमुळे प्लेटलेट उतरलेल्या असतील तर हीच औषधं रक्तस्राव करतात. अंगदुखीसाठी दुकानातून डायक्लोफेनॅक आणून देण्याची सवयही त्यासाठीच सोडा. एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली किंवा अचानक दम लागला, तर तीही गुठळी असू शकते. त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

याची उलट बाजूही सांगायला हवी. बीपी, शुगर, तंबाखू काही नसताना पक्षाघात झाला आणि गेल्या काही महिन्यांत वजन उतरलं, भूक गेली, थुंकीतून किंवा शौचातून रक्त गेलं असेल, तर ते डॉक्टरांना आपणहून सांगा. क्वचित पक्षाघात हेच कॅन्सरचं पहिलं लक्षण असतं.

प्रश्न : आमचं गाव घाटाच्या पायथ्याला. रात्री कोणाला लकवा मारला तर आधी काय करायचं? इथे कांदा हुंगवतात, बोटांना सुई टोचतात.
– वाचक, संगमेश्वर

उत्तर : कांदा आणि सुई दोन्हींत वेळ जातो. तोंड एका बाजूला वाकडं, एक हात वर धरल्यावर खाली घसरतो, बोलणं जड किंवा असंबद्ध : यातलं एक जरी अचानक दिसलं, तरी १०८ ला फोन करा. 'माणूस शेवटचा ठीक कधी होता' ती वेळ लिहून ठेवा. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन त्या वेळेपासून साडेचार तासांच्या आतच देता येतं. माणूस झोपेतून उठतानाच तसा असेल, तर झोपायला गेल्याची वेळ धरा. मोठ्या केंद्रांत निवडक रुग्णांची गुठळी तारेने ओढून काढता येते, तीही २४ तासांच्या आत.

पाणी, चहा, गोळी काहीही तोंडात घालू नका. गिळणं बिघडलेलं असतं, घोट फुप्फुसात जातो. अ‍ॅस्पिरिनही देऊ नका, कारण गुठळी आहे की रक्तस्राव, हे मेंदूचा सीटी स्कॅन केल्याशिवाय कोणालाच कळत नाही. बीपी वाढलेलं दिसलं म्हणून जिभेखाली गोळी ठेवू नका. बीपी एकदम पडलं तर मेंदूला उरलासुरला रक्तपुरवठाही तुटतो. उलटी होत असेल तर कुशीवर वळवा.

आणि हे आजच करा : तुमच्याकडून गाडीने पोचता येईल अशा रुग्णालयांना फोन करून विचारा, रात्री सीटी सुरू असतं का आणि गुठळीचं इंजेक्शन दिलं जातं का. जवळचं पण सीटी नसलेलं रुग्णालय गाठण्यात दोन तास गेले की साडेचार तासांचं गणित संपतं. उत्तर मिळेल ते नंबरासह दारामागे लिहून ठेवा.

प्रश्न : सासूबाई (५८) सकाळ-संध्याकाळ मिश्री लावतात. 'मी तंबाखू खात नाही, दात घासते' म्हणतात. हल्ली त्यांना तिखट झोंबतं. बीपीची गोळीही सुरू आहे. मिश्री कशी सोडवायची?
– वाचक, देवगड

उत्तर : मिश्री म्हणजे तव्यावर काळा होईपर्यंत भाजून कुटलेला तंबाखू. भाजल्याने त्यातलं निकोटिन जात नाही, उलट जळण्यातून आणखी कॅन्सरकारक द्रव्यं तयार होतात. हिरडीवर घासलेलं निकोटिन थेट रक्तात जातं, नाडी आणि बीपी वाढवतं. गोळी बीपी उतरवते आणि मिश्री ते रोज दोनदा चढवते.

तिखट झोंबणं हलकं घेऊ नका. आधी तोंड बघा. दिवसाच्या उजेडात, कवळी असेल तर काढून, चूळ भरून बसवा. ओठ उलटून आतली बाजू बघा. मग गाल बोटाने ओढून गाल आणि हिरडी यांमधली खोबण बघा. मिश्री तिथेच साचते, त्यामुळे डागही बहुधा तिथेच सापडतो. जीभ फडक्याने धरून दोन्ही कडा, मग जीभ वर करून खालची बाजू, शेवटी टाळू. पुसून न जाणारा पांढरा चट्टा, मखमलीसारखा लाल चट्टा (पांढऱ्यापेक्षा जास्त धोक्याचा), दोन आठवड्यांत न भरलेली तोंडातली जखम, बोटाला लागणारी कडक जागा किंवा मानेत गाठ यांतलं काहीही दिसलं, तर दंतवैद्य किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. तोंडात त्यांचीच तीन बोटं उभी जातात का, तेही बघा. जात नसतील तर तोंड आखडू लागलंय. झोंबणं आणि आखडणं हे सुपारी खाणाऱ्यांत फार दिसतं. म्हणून मिश्रीऐवजी सुपारी हा पर्याय नाही, मग ती श्रीवर्धनची रोठा का असेना. तंबाखू नसलेली सुपारीही कॅन्सर करते.

आता सोडवण्याबद्दल. पहिली अडचण बहुधा 'मिश्रीशिवाय पोट साफ होत नाही' ही असते, आणि ती खोटी नाही, कारण निकोटिनने आतड्यांना चालना मिळते. त्यासाठी सोडण्याच्या आधीच्या आठवड्यापासून रात्री दोन चमचे इसबगोल पेलाभर पाण्यातून, आणि सकाळी उठल्यावर कोमट पाणी सुरू करा. चिडचिड, डोकेदुखी, झोप न लागणं पहिले तीन दिवस जोरात असतं, मग दोन ते चार आठवड्यांत ओसरतं.

निकोटिनचं च्युइंगम (२ मिलिग्रॅम) औषधाच्या दुकानात मिळतं. बहुतेक जण ते गोळीसारखं चघळत सुटतात, मग उचकी लागते, पोटात जळजळ होते, आणि 'सोसत नाही' म्हणून ते बाजूला पडतं. आठ-दहा वेळा सावकाश चावा, जिभेला झिणझिणलं की गाल-हिरडीत दाबून ठेवा, झिणझिण गेली की पुन्हा चावा, असं अर्धा तास. त्याआधी पंधरा मिनिटं आणि ते तोंडात असताना चहा, कोकम सरबत, सोलकढी नको, कारण आंबटामुळे निकोटिन शोषलंच जात नाही. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत मिश्री लागत असेल तर सवय खोल आहे, ४ मिलिग्रॅमचं डॉक्टरांना विचारा. आठ ते बारा आठवड्यांत हळूहळू कमी करत थांबवा. बीपी फार चढलेलं असेल तर सुरू करण्याआधी डॉक्टरांचा सल्ला घ्या. तंबाखू सोडण्यासाठी राष्ट्रीय मदतवाहिनी आहे, १८००-११२-३५६, फोन मोफत.

आणि भांडू नका. त्यांना तोंडातला चट्टा आरशात दाखवणं जास्त उपयोगी पडतं.

प्रश्न : घरच्या मशीनवर बीपी १५२/९४, उपकेंद्रात १३६/८४. खरं कुठलं?
– वाचक, मालवण

उत्तर : एकेका आकड्यावरून ठरवता येत नाही. चहा, तंबाखू, चालून येणं यांनंतर अर्धा तास जाऊ द्या. लघवी करून या. पाठीला टेकू, पाय जमिनीवर, पायावर पाय नाही, पाच मिनिटं गप्प बसा. पट्टा उघड्या दंडावर, दंड छातीच्या पातळीला टेबलावर टेकवलेला. हात लोंबता ठेवला किंवा जाड दंडाला लहान पट्टा लावला, तर आकडा खोटाच वाढतो. घरच्या मशीनचा पट्टा बऱ्याचदा लहानच असतो, त्यावर छापलेलं माप दंडाच्या घेराशी जुळवा. मनगटाची मशीन घेऊ नका.

सात दिवस सकाळी गोळीच्या आधी आणि रात्री, दर वेळी एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरची सरासरी १३५/८५ किंवा जास्त असेल तर बीपी आहे. वरचा आकडा १० ने उतरला तर पक्षाघाताचा धोका सुमारे एक चतुर्थांशाने कमी होतो. इतका फायदा देणारी दुसरी स्वस्त गोळी सापडणं कठीण. पावसाळ्यात रस्ते तुटतात, तेव्हा जूनआधी महिनाभराच्या जादा गोळ्या घरात हव्यात. 'आता नॉर्मल आलं' म्हणून गोळी बंद करणं ही सर्वांत नेहमीची चूक. ते नॉर्मल गोळीमुळेच आलेलं असतं.

प्रश्न : जून-जुलैत मासेमारी बंद, म्हणून सुक्यावरच भागतं. बीपीवाल्यांनी सुकी मासळी बंदच करायची का?
– वाचक, हर्णै

उत्तर : सगळी नाही. फक्त उन्हात वाळवलेले बोंबील, जवळा वेगळे, आणि मिठात मुरवलेला खारा बांगडा वेगळा. पहिल्यांत मीठ कमी, दुसऱ्यात भरपूर. घेताना विचारा. खारा मासा गरम पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं भिजवून पाणी फेका, असं दोन-तीनदा करा, आणि त्या कालवणात वरून मीठ घालू नका. आठवड्यातून एखाद्या वेळेपलीकडे जाऊ नका. जास्त मिठाने बीपी तर वाढतंच, जठराचा कॅन्सरही वाढतो.

मर्यादा माणशी रोज ५ ग्रॅम, म्हणजे सपाट एक चमचा, सगळं धरून. चौघांच्या घरात किलोची पिशवी महिन्यात संपत असेल तर माणशी आठ ग्रॅम झाले, लोणचं, पापड, सांडगी मिरची अजून मोजलीच नाहीत. कोकमाच्या आगळात मीठ आधीच असतं, त्यामुळे सोलकढी चाखल्याशिवाय मीठ टाकू नका. 'कमी सोडियमच्या' मिठात सोडियमचा काही भाग काढून पोटॅशियम घातलेलं असतं. बीपीवाल्यांना ते फायद्याचं, पण मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी सुरू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

प्रश्न : गालाच्या कॅन्सरसाठी सहा वर्षांपूर्वी मानेला रेडिएशन झालं. आता बरा आहे. आणखी काही तपासायचं राहतं का?
– वाचक, अलिबाग

उत्तर : हो. रेडिएशनने मानेतल्या मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या वर्षांनंतर अरुंद होतात, आणि त्यातून पक्षाघात होऊ शकतो. मानेचा डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करायचा का, हे पुढच्या भेटीत विचारा. बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल दर वर्षी बघा. थायरॉइडही मंदावतं, म्हणून टीएसएच ही रक्ततपासणी सहा ते बारा महिन्यांनी. दात काढायचा झाल्यास दंतवैद्याला रेडिएशनबद्दल आधी सांगा, नाहीतर जबड्याचं हाड सडू शकतं. एका डोळ्यापुढे दोन मिनिटं अंधारी आली आणि गेली, तरी तोही पक्षाघाताचा इशारा आहे, थांबू नका.

प्रश्न : मुलगा मुंबईहून चार हजारांचं 'फुल बॉडी' पॅकेज करून देतोय, त्यात कॅन्सर मार्कर आहेत. घ्यावं का? वय ४६, तक्रार काही नाही.
– वाचक, कणकवली

उत्तर : मार्करसाठी, म्हणजे कॅन्सर सुचवणाऱ्या रक्ततपासण्यांसाठी, घेऊ नका. त्यांतलं सीए-१२५ पाळीतही वाढतं, सीईए धूम्रपान करणाऱ्यांत वाढलेलं असतं, आणि नॉर्मल आलं तरी कॅन्सर नाही असा अर्थ होत नाही. मग एकातून दुसरी तपासणी, आणि घरभर काळजी.

त्याऐवजी उपकेंद्रात, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात जा. तिशीपुढच्या सर्वांसाठी तिथे बीपी, शुगर, तोंड, आणि बायकांसाठी स्तन व गर्भाशयमुख यांची तपासणी मोफत असते. आशाताई आधी एक फॉर्म भरतात : तंबाखू, दारू, कंबरेचा घेर, व्यायाम, घरातला इतिहास. बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या वर आणि पुरुषाची ९० च्या वर गेली की धोक्याचे गुण वाढतात. गर्भाशयमुखावर ४-५ टक्के अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड लावून मिनिटभराने पांढरा डाग उमटतो का बघतात, तेवढंच. मुंबईच्या वस्त्यांत सुमारे दीड लाख बायकांवर टाटा मेमोरियलने केलेल्या अभ्यासात, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी ही साधी तपासणी केली, तेव्हा या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. बीपी-शुगर दर वर्षी, कॅन्सरच्या तपासण्या पाच वर्षांनी. तंबाखू असेल तर तोंड मात्र दर वर्षी दाखवा. मुलाला सांगा, त्या चार हजारांत योग्य मापाच्या पट्ट्याचं बीपी मशीन पाठव.