एसएनडी-एचडीए-इंटेल की एसएनडी_एचडीए_इंटेल? मॉड्यूलचं नाव आणि सेटिंग

घाटंजी तालुक्यातल्या जि.प. शाळेच्या लिनक्स कॉम्प्युटरवर धडा लावला की स्पीकर टक् करतो अन् पहिला शब्द गिळतो. आवाजाच्या मॉड्यूलच्या (म्हणजे ड्रायव्हरच्या) फाइलच्या नावात डॅश, चालू मॉड्यूलची यादी देणाऱ्या एलएसमॉड कमांडमध्ये अंडरस्कोर, मग सेटिंगमध्ये कोणतं लिहायचं, असा प्रश्न आहे.

दोन्ही चालतात. मॉड्यूल लोड करणारी मॉडप्रोब कमांड डॅश अन् अंडरस्कोर एकच धरते. चालू मॉड्यूलची माहिती असलेल्या /सिस/मॉड्यूल फोल्डरखाली मात्र नेहमी अंडरस्कोरच. नावात इंटेल असलं तरी एएमडी बोर्डावरही बहुधा हेच मॉड्यूल असतं, गोंधळू नका.

टक् आवाज बहुतेक वेळा वीजबचतीमुळे येतो. /ईटीसी/मॉडप्रोब.डी मध्ये साउंड.कॉन्फ फाइल करा, आत वीजबचत बंद करणारी एकच ओळ:

ऑप्शन्स एसएनडी_एचडीए_इंटेल पॉवर_सेव्ह=0

सगळं इंग्रजी लहान अक्षरांत. बरोबरच्या चिन्हाभोवती जागा नको. फाइलचं नाव .कॉन्फने संपलंच पाहिजे, नाहीतर ती वाचलीच जात नाही. इथंच जास्त जण अडकतात.

सुरू असलेल्या मॉड्यूलला ही ओळ लागू होत नाही, म्हणून रीबूट करा. मग /सिस/मॉड्यूल/एसएनडी_एचडीए_इंटेल/पॅरामीटर्स/पॉवर_सेव्ह ही फाइल कॅट कमांडने वाचा: 0 दिसायला हवं. डेबियन-उबुंटूवर जुनाच आकडा दिसला तर अपडेट-इनिटरामएफएस -यू (सुरू होताना लागणारी बूट फाइल नव्याने बनवणारी कमांड) चालवून पुन्हा रीबूट करा. मॉड्यूलचे बाकी पॅरामीटर (सेटिंग) मॉडइन्फो -पी अन् पुढे मॉड्यूलचं नाव, ही कमांड दाखवते.